नांदेड-लातूरचे निकाल : आपल्या मताचा हिशेब

किल्लारी लातूर जिल्ह्यात आहे, पण किल्लारीचा खासदार लातूरचा नसतो. आमचे गाव औसा विधानसभा मतदारसंघात येते आणि औसा येतो उस्मानाबाद लोकसभेत, म्हणजे आताच्या नावाने धाराशिवमध्ये. उलट नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याचा माणूस मत देतो तो लातूरच्या खासदारासाठी. आणि नांदेड जिल्ह्यातलेच किनवट-हदगाव हिंगोलीला जोडलेले. जिल्ह्याची हद्द वेगळी आणि मतदारसंघाची हद्द वेगळी, हे नवमतदार मुलामुलींना दर वेळी समजावून सांगावे लागते. टीव्हीवर 'लातूरमध्ये काँग्रेस विजयी' अशी पट्टी फिरली की गावातली मंडळी खूश होतात किंवा चिडतात. पण त्या विजयात किंवा पराभवात किल्लारीचे एकही मत नसते.

७ मे २०२४ ला आमच्यापुढे जे मतदानयंत्र होते त्यावर ना पंजा होता, ना कमळ. महाविकास आघाडीत ही जागा उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडे गेली होती, म्हणून मशाल. महायुतीत ती अजित पवार यांच्या राष्ट्रवादीकडे, म्हणून घड्याळ. पंजा शोधणाऱ्या बुजुर्गांना घरच्यांनी आधीच बजावून ठेवले होते, 'या वेळी पंजा मिळणार नाही, मशाल बघा.' २०१९ मध्ये याच मतदारसंघात ओमराजे निंबाळकर शिवसेनेचे, समोर राणाजगजितसिंह पाटील राष्ट्रवादीचे. तेव्हा आपल्यातल्या बहुतेक घरांनी घड्याळ दाबले आणि ओमराजे १,२७,५६६ मतांनी जिंकले. पाच वर्षांनी तेच ओमराजे आपले उमेदवार, आणि घड्याळावर राणाजगजितसिंहांच्या पत्नी अर्चनाताई. ओमराजे ३,२९,८४६ मतांनी निवडून आले. ज्या बुजुर्गांच्या मनात १९९२-९३ च्या मुंबईची आठवण अजून ताजी आहे, त्यांचे बोट शिवसेनेच्या उमेदवारासमोरच्या बटणावर कसे गेले असेल, याचा विचार कोणत्या पक्षाने केला असेल असे वाटत नाही. तरी ते गेले. ९ एप्रिल २०१९ ला औशाच्या सभेत पंतप्रधान मोदींच्या शेजारी उद्धव ठाकरे बसले होते, हेही लोक विसरलेले नव्हते.

निकालानंतर मात्र एकच वाक्य कानावर पडत राहिले, 'मुसलमानांनी एकगठ्ठा मते दिली.' कोणी ते कौतुकाने म्हणाले, कोणी रागाने. चहाच्या टपरीवर, एसटीत, शाळेच्या स्टाफरूममध्येही. आम्हाला वाटते, या वाक्याचा एकदा आकड्यांनिशी हिशेब करून पाहावा. आपण गणिताला घाबरतो, म्हणून आपल्या नावावर काहीही खपते.

आधी मराठवाड्याचे चित्र. लोकसभेच्या आठ जागा आहेत. त्यापैकी काँग्रेसने लढवल्या तीनच, नांदेड, लातूर आणि जालना. तिन्ही जिंकल्या. हिंगोली, परभणी आणि उस्मानाबाद मशालीकडे गेल्या. बीडमध्ये शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे बजरंग सोनवणे अवघ्या ६,५५३ मतांनी आले. महायुतीला मिळाली ती एकच जागा, औरंगाबाद. सारे राज्य धरले तर काँग्रेसचे १३ खासदार झाले, ४८ पैकी. २०१९ मध्ये या पक्षाचा राज्यात एकच खासदार होता, चंद्रपूरचा. २०१४ मध्ये दोन होते आणि ते दोन्ही आमच्याच भागातले, नांदेडचे अशोक चव्हाण आणि हिंगोलीचे राजीव सातव. सातव तर १,६३२ मतांनी निसटले होते. म्हणजे मोदी लाटेत अख्ख्या महाराष्ट्रात पंजा टिकला तो गोदावरीच्या या पट्ट्यात. एवढ्यावरून तरी पक्षाने हा भाग गांभीर्याने घ्यायला हवा होता.

आता नांदेड. २०१९ ला भाजपचे प्रतापराव चिखलीकर ४,८६,८०६ मते घेऊन जिंकले. अशोक चव्हाणांना ४,४६,६५८ मिळाली. फरक ४०,१४८ चा, आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला १,६६,१९६ मते. तेव्हापासून 'वंचितमुळे चव्हाण पडले' हे नांदेडात पाठ झाले आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत खुद्द अशोक चव्हाणच भाजपमध्ये गेले. काँग्रेसकडे ना नेता उरला, ना पैसा, असे सगळे म्हणत होते. पक्षाने नायगावचे वसंतराव चव्हाण यांना उभे केले. निकाल असा, वसंतराव ५,२८,८९४, चिखलीकर ४,६९,४५२. आघाडी ५९,४४२. वंचित ९२,५१२ वर आली.

वजाबाकी करून पाहा. भाजपची मते कमी झाली सुमारे १७ हजार. काँग्रेसची वाढली ८२ हजार. वंचितची घटली ७३ हजार. मतांवर नाव लिहिलेले नसते, त्यामुळे कोणाचे मत कोठे गेले हे छातीठोकपणे कोणी सांगू नये. पण नांदेडचे आकडे मोठ्याने सांगतात की संविधानाच्या मुद्द्यावर दलित वस्त्यांतली बरीच मते पंजाकडे आली. 'चारसौ पार'ची घोषणा ऐकून जी भीती आपल्या मोहल्ल्यात होती, तीच भीमनगरात होती. ती मते नसती तर आपल्या मतांनी एकट्याने काही झाले नसते. २०१९ ला आपण काय वेगळे बटण दाबले होते?

लातूरची गोष्ट आणखी निराळी. इथे २०१९ ला भाजपचे सुधाकर शृंगारे ६,६१,४९५ मतांनी आणि काँग्रेसचे मच्छिंद्र कामत ३,७२,३८४ मतांवर. आघाडी जवळजवळ दोन लाख नव्वद हजारांची. पाच वर्षांनी डॉ. शिवाजी काळगे यांना ६,०९,०२१ आणि शृंगारेंना ५,४७,१४०. म्हणजे काँग्रेस २,३६,६३७ ने वाढली आणि भाजप १,१४,३५५ ने घटली. वंचितची मते लाखावरून पन्नास हजारांच्या आत आली, पण तेवढ्याने हा फरक भरत नाही. लातूर जिल्ह्यात मुसलमान २०११ च्या जनगणनेनुसार साधारण सातात एक. २०१९ ला ते काही घरी बसून नव्हते. मग ही सव्वादोन लाख जास्तीची मते आली कुठून?

ती आली सोयाबीनच्या पोत्यातून, असे आम्ही म्हणू. लातूरचा अडत बाजार म्हणजे सोयाबीनचा बाजार. त्या हंगामात सरकारी हमीभाव ४,६०० रुपये होता आणि शेतकरी त्याच्या खाली माल घालून परत येत होता. दुसरीकडे १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत आंदोलकांवर लाठीमार झाला, तेव्हापासून मराठा समाज पेटलेला. त्याचा सर्वांत मोठा फटका जालन्यात बसला. पाच वेळा खासदार राहिलेले रावसाहेब दानवे काँग्रेसच्या कल्याण काळे यांच्याकडून १,०९,९५८ मतांनी हरले. लातूरात त्यात आणखी एक गोष्ट मिळाली. डॉ. काळगे हे डोळ्यांचे डॉक्टर, माला जंगम समाजातले. मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, पण लिंगायत समाजालाही हा माणूस आपला वाटला. लिंगायत मते हलली की लातूर हलते, हे इथे राजकारण न कळणाऱ्यालाही कळते. शिवराज पाटील चाकूरकर १९८० पासून सात वेळा इथून निवडून गेले, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते लोकसभेचे अध्यक्ष होते. तेही २००४ मध्ये रूपाताई निलंगेकरांकडून हरलेच.

असा हा एकगठ्ठ्याचा हिशेब. आपली मते होती, ती महत्त्वाची होती, त्यात शंका नाही. पण ती एका मोठ्या पोत्यातला एक पायली होती. धान्य सगळ्यांनी घातले आणि पोत्यावर नाव फक्त आपले लिहिले गेले.

आता हेच वाक्य पुढे कोणी कसे वापरले, ते पाहू. त्यासाठी थोडे मराठवाड्याबाहेर, धुळ्याला जावे लागेल. धुळे मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे. पाचांत भाजपचे सुभाष भामरे पुढे होते, सहाव्या मालेगाव मध्यने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना एवढी आघाडी दिली की त्या ३,८३१ मतांनी जिंकल्या. विधानसभेच्या प्रचारात याच उदाहरणावरून 'व्होट जिहाद' हा शब्द घरोघर पोचवला गेला. एखाद्या वस्तीने एकाच उमेदवाराला भरघोस मते दिली तर ते पाप कसे, हे आम्हाला समजत नाही. नेत्यांची गावे आपल्या नेत्याला नव्वद टक्के मते देतात, तेव्हा वर्तमानपत्रे 'बालेकिल्ला' म्हणतात. मालेगावने केले की त्याचे नाव बदलते. आणि धुळ्याचे उदाहरण सांगणारा कोणी लातूरचे आकडे सांगत नाही, कारण ते त्या गोष्टीत बसत नाहीत.

सहा महिन्यांत चित्र फिरले. खासदार वसंतराव चव्हाण यांचे २६ ऑगस्ट २०२४ ला निधन झाले आणि नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच २० नोव्हेंबरला लागली. त्या दिवशी नांदेडच्या प्रत्येक केंद्रावर दोन यंत्रे होती, एक लोकसभेचे, एक विधानसभेचे. निवडणुकीचे काम ज्या शिक्षकांनी केले आहे त्यांना ठाऊक आहे, एकाच यंत्रावर म्हाताऱ्या माणसांची केवढी धांदल होते. एका बटणाचा आवाज झाला की काम झाले असे समजून परत फिरणारे असतात, त्यांना 'चाचा, अजून एक आहे' असे सांगून दुसऱ्या यंत्राकडे न्यावे लागते. तर त्या दोन यंत्रांतून निघाले काय? विधानसभेच्या यंत्रातून भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर, मुखेड या सहाही जागा महायुतीच्या. सगळा जिल्हा धरला तर नऊच्या नऊ. लोकसभेला पडलेले चिखलीकरसुद्धा घड्याळ घेऊन लोह्यातून आमदार झाले. आणि लोकसभेच्या यंत्रातून? काँग्रेसचे रवींद्र चव्हाण, वसंतरावांचे चिरंजीव, ५,८६,७८८. भाजपचे संतुकराव हंबर्डे ५,८५,३३१. आघाडी १,४५७.

तोच मतदार, तीच खोली, तीच शाई लावलेली बोटे, मधे दोन पावलांचे अंतर. आणि निकाल दोन. ज्यांना वाटते की मतदार मेंढरासारखा एका मागे एक जातो, त्यांनी नांदेडचा हा निकाल समोर ठेवावा.

१,४५७ म्हणजे किती? तेव्हा एका मतदान केंद्राच्या यादीत जास्तीत जास्त पंधराशे नावे असत. साऱ्या मतदारसंघाचा निकाल एका केंद्राच्या यादीहूनही कमी मतांनी लागला. पण आम्हाला या आघाडीपेक्षा दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. जून ते नोव्हेंबर या काळात काँग्रेसची मते घटली नाहीत, उलट सुमारे ५८ हजारांनी वाढली. भाजपची मात्र १ लाख १६ हजारांनी वाढली, म्हणजे दुप्पट. लोक काँग्रेसला सोडून गेले असे नव्हे, तर जे आधी घरी बसले होते ते बाहेर आले आणि त्यातले बरेचसे कमळाकडे गेले, असा याचा सरळ अर्थ दिसतो. त्यांना बाहेर कशाने आणले? 'बटेंगे तो कटेंगे', 'एक हैं तो सेफ हैं' या घोषणांनी काही आणले. आणि लाडक्या बहिणीच्या पंधराशे रुपयांनी काही आणले.

या पंधराशेबद्दल आपल्या घरांत मोकळेपणाने बोलले जात नाही, म्हणून इथे बोलू. ऑगस्टपासून खात्यावर पैसे आले ते आपल्याही आपा-खालांच्या. बीडी वळणारी, शिलाई करणारी, शेतात निंदायला जाणारी बाई, तिच्या स्वतःच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला रक्कम आली. नवऱ्याने किंवा भावाने सांगितलेल्या चिन्हाचेच बटण तिने दाबले असेल असे गृहीत धरू नये. तिने मनात काही वेगळे ठरवले असेल तर तिला गद्दार म्हणण्याचा हक्क कोणालाही नाही. मत ही गवाही आहे, असे आपले उलेमा सांगत आले आहेत. गवाही ज्याची त्याने द्यायची असते. आमचे स्वतःचे मत विचाराल तर पंधराशे रुपये घ्यावेत, ते करातूनच आलेले आहेत, आणि मग सोयाबीनचा भाव, तेलाचा भाव, मुलीची फी हे सगळे मांडून मत द्यावे. पण तो ज्याचा त्याचा विचार.

विधानसभेत मराठवाड्याच्या ४६ जागांपैकी काँग्रेसच्या हाती राहिली एक, लातूर शहर, अमित देशमुख यांची. लातूर ग्रामीणमध्ये धीरज देशमुख हरले. याच धीरज देशमुखांच्या विरुद्ध २०१९ ला दुसऱ्या क्रमांकाची मते 'नोटा'ला होती, २७,५००. अशी निवडणूक पुन्हा होणे नाही. आमच्या औशात अभिमन्यू पवार पुन्हा कमळावर निवडून आले. मे महिन्यात मशालीला एवढी मोठी आघाडी देणारा मतदारसंघ, नोव्हेंबरमध्ये त्याच मशालीच्या दिनकर माने यांना आमदार करू शकला नाही. औसेकरांनी लोकसभेला एक विचार केला आणि विधानसभेला दुसरा. प्रचारात कमळवाले सोयाबीनला सहा हजार देऊ म्हणत होते, पंजावाले सात हजार. बाजारात तेव्हा हमीभाव ४,८९२ तोही मिळत नव्हता.

हे सगळे झाले पक्षाचे निकाल. या निकालात आपल्याला काय मिळाले, हा प्रश्न राहतो. आणि तो विचारताना भाजपकडे बोट दाखवून मोकळे होता येत नाही, कारण आपण मत ज्यांना दिले त्यांच्याकडेच हिशेब मागायचा असतो.

पहिली गोष्ट उमेदवारीची. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीने ४८ जागांवर एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही. २०१९ ला काँग्रेसने निदान अकोल्यातून हिदायत पटेल यांना उभे केले होते. लातूर राखीव आहे, तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. पण राखीव नसलेल्या जागाही होत्या. औरंगाबादेत एमआयएमचे इम्तियाज जलील २०१९ ला ४,४९२ मतांनी जिंकले होते, तेव्हा वंचित त्यांच्या सोबत होती. २०२४ ला सोबत नव्हती, आणि ते शिंदे गटाच्या संदिपान भुमरे यांच्याकडून १,३४,६५० मतांनी हरले. परिणाम असा की आज महाराष्ट्रातून लोकसभेत एकही मुसलमान नाही. याच औरंगाबादेतून १९८० मध्ये उर्दूचे कवी काझी सलीम लोकसभेत गेले होते, हे आमच्या उर्दूच्या वर्गातल्या मुलांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही. विधानसभेत २८८ पैकी दहा. आणि मराठवाड्यातला एकमेव मुस्लिम आमदार आहे सिल्लोडचा अब्दुल सत्तार, शिंदे यांच्या धनुष्यबाणावर.

काहीजण म्हणतील, मग आपलाच पक्ष हवा. नांदेडने तो प्रयोग आपल्या आधी करून पाहिला आहे. २०१२ च्या महापालिका निवडणुकीत एमआयएमने नांदेडमध्ये ११ जागा जिंकल्या, हैदराबादबाहेर महाराष्ट्रात त्यांचे पहिले पाऊल ते. २०१७ ला काँग्रेसने ८१ पैकी ७३ जागा घेतल्या आणि एमआयएम शून्यावर आली. मतदार त्याच मोहल्ल्यांचे होते. पाच वर्षांत काम काय झाले, हे लोकांनी पाहिले आणि ठरवले. त्यात आम्हाला काही गैर वाटत नाही. पक्ष आपला की परका यापेक्षा नगरसेवकाने नाली काढली का, हे बघणारा मतदार शहाणाच म्हणायचा.

या भागातली आपली जुनी माणसे काँग्रेसला का धरून राहिली, याचे कारण नव्या पिढीला माहीत नसते. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर ज्या चार जिल्ह्यांत सर्वाधिक जीवितहानी झाल्याचे पंडित सुंदरलाल समितीने नोंदवले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते, वेगळा जिल्हा झाला १९८२ मध्ये. त्या काळातून वाचलेल्या माणसांना सत्तेच्या जवळ, नेहरूंच्या पक्षाच्या सावलीत राहणे सुरक्षित वाटले. तो हिशेब जिवाचा होता, योजनांचा नव्हता. आपल्या मुलांचा हिशेब तालीम आणि रोजगाराचा आहे. पक्षाच्या नेत्यांना मात्र अजून वाटते की जुना हिशेबच चालू आहे.

दुसरी गोष्ट आरक्षणाची. जुलै २०१४ मध्ये काँग्रेस आघाडीच्या सरकारने मुसलमानांतल्या मागास गटांना ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला, तोही सरकारची मुदत संपत आल्यावर. त्याच नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतले आरक्षण थांबवले, पण शिक्षणातले ५ टक्के राहू दिले. पुढच्या सरकारने त्याचा कायदा केला नाही आणि अध्यादेश विरून गेला. इथवर दोष कोणाचा ते स्पष्ट आहे. पण २०१९ ते २०२२ अडीच वर्षे काँग्रेस पुन्हा सत्तेत होती. फेब्रुवारी २०२० मध्ये नवाब मलिक यांनी विधान परिषदेत शिक्षणातले ५ टक्के आणू असे सांगितले. ते आले नाही. न्यायालयाने मोकळी ठेवलेली वाट होती, तिच्यावरून कोणी चालले नाही.

तिसरी गोष्ट आम्हा शिक्षकांच्या रोजच्या कामातली. अल्पसंख्याक मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने पहिली ते आठवीसाठी बंद केली. त्या वेळी ती फक्त नववी-दहावीपुरती ठेवली. लहान वर्गांना वर्षाकाठी हजार रुपये मिळत. मोठ्या शहरात त्याची किंमत नसेल, पण आमच्याकडे त्यातून दप्तर, वह्या आणि पावसाळ्याची चप्पल येत असे. त्या वर्षी पालकांनी उत्पन्नाचे दाखले काढले, बँकेत खाती उघडली, सेतू केंद्रात रांगा लावल्या, आणि मग कळले की अर्ज नाकारले गेले. सहावी-सातवीतल्या मुलींच्या आयांना हे समजावणे फार कठीण गेले. त्याच हिवाळ्यात संशोधन करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही बंद झाली. काँग्रेसचे १३ खासदार आता लोकसभेत आहेत, नांदेड, लातूर आणि जालन्याचे त्यांत आहेत. पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती परत सुरू करा, हा प्रश्न त्यांनी सभागृहात किती वेळा आणि किती नेटाने मांडला, ते विचारायला काय हरकत आहे? खासदार गावात शादीला येतात, जनाज्याला येतात, ईदला शीरखुर्म्याला येतात. आपण त्यांच्यासोबत फोटो काढतो. तेव्हाच हातात एक अर्ज द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. आमच्यासारख्या किल्लारीकरांनी तो ओमराजेंना द्यायचा. मशाल असली म्हणून काय झाले, तीन लाखांच्या आघाडीत आपलीही मते आहेत.

आणि एक काम घरात बसून करता येते. निकालानंतर निवडणूक आयोग प्रत्येक केंद्राचे आकडे फॉर्म २० मध्ये जाहीर करतो. कोणत्या खोलीत कोणाला किती मते पडली, हे त्यात असते, आणि महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ते कोणालाही पाहता येते. पक्षाचे लोक तो कागद बारकाईने वाचतात. आपल्यातला कोणी वाचत नाही. बारावी-बीएच्या मुलांना सुट्टीत हे काम द्या, आपल्या केंद्राचे २०१९ चे आणि २०२४ चे आकडे शेजारी-शेजारी लिहून काढायला सांगा. पुन्हा टपरीवर कोणी 'एकगठ्ठा' म्हणाला तर मुलाच्या खिशात कागद असेल.

तो कागद काढताना अनेकांच्या लक्षात येईल की आपल्या केंद्रावरचे मतदान शेजारच्या केंद्रापेक्षा कमी आहे. त्याचे कारण दर वेळी आळस नसते. यादीत नाव शेख रजिया बी असते आणि आधारवर रझिया बेगम. मुलगी लग्न होऊन उदगीरला गेलेली असते, नाव किल्लारीच्या यादीत राहते. मुंबई-पुण्याला बेकरीत किंवा गवंडीकामाला गेलेल्या मुलांची नावे एकीकडे, माणसे दुसरीकडे. म्हातारे वारलेले असतात आणि त्यांची नावे तशीच. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर भांडून यातले काहीच दुरुस्त होत नाही. नवे नाव घालायचे तर फॉर्म ६, चूक सुधारायची किंवा पत्ता बदलायचा तर फॉर्म ८, मयताचे नाव काढायचे तर फॉर्म ७. हे फॉर्म बीएलओकडे मिळतात, मोबाइलवरही भरता येतात. अठरा वर्षे पूर्ण झाली की पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावे लागत नाही. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज देता येतो. दहावीच्या दाखल्यावर जे नाव, जे स्पेलिंग, तेच यादीत घाला. मुलींच्या बाबतीत हे विशेष पाहा, कारण लग्नानंतर आडनाव, पत्ता आणि केंद्र तिन्ही बदलतात आणि बहुतेक वेळा सासरी कोणी तिचा फॉर्म ८ भरत नाही. माहेरच्यांनी रुखसतीच्या सामानाच्या यादीत ही एक ओळ लिहून ठेवली तरी चालेल.